ट्यूनिंगचा बॉक्स निवडताना चोर्ला घाटाचा हिशेब आधी करा

मोटरसायकलला बाहेरचा ट्यूनिंग ईसीयू, म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे ठरवणारा बॉक्स, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एचपी वाढेल? आपल्या भागात तरी हा प्रश्न शेवटी विचारावा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला उतरून केरी-साखळीला आलं की तीच गाडी जवळजवळ समुद्रसपाटीवर येते. बेळगावात हवेचा दाब ९२-९३ किलोपास्कलच्या घरात, खाली १०१. म्हणजे त्याच थ्रॉटलला इंजिनात जवळपास ९ टक्के जास्त हवा जाते. पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण पातळ, म्हणजे लीन होतं. म्हणून बॉक्स घेताना आधी बघायचं ते हे की दाबातला हा फरक त्याला कळतो का, आणि कळत नसेल तर त्याच्यासाठी तो फरक दुसरं कोण सांभाळतं.

आकड्यांत बघू. मिश्रण लॅम्ब्डात मोजावं. लॅम्ब्डा १ म्हणजे हवा आणि इंधन यांचं नेमकं जुळलेलं प्रमाण, त्याहून कमी म्हणजे रिच. पूर्ण थ्रॉटलला साधारण ०.८६ ते ०.८८ ठेवतात. बेळगावात ०.८८ वर जुळवलेली गाडी दाबाची दुरुस्ती नसताना साखळीला ०.९६ वर चालेल. सावकाश फिरताना हे कळणारही नाही. पण मागे माणूस बसलेला, तापलेलं इंजिन, आणि परतीला केरीहून घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेस, अशा वेळी ०.९६ म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या माथ्यावर नको तेवढी उष्णता.

आता बॉक्सचे प्रकार. बाजारात नावं पुष्कळ आहेत, पण कामाच्या दृष्टीने चारच जाती.

सर्वांत स्वस्त म्हणजे हवेच्या तापमानाच्या सेन्सरला फसवणारा प्लग. तो ईसीयूला हवा २० अंशांनी थंड असल्याचं भासवतो. थंड हवा घट्ट असते, म्हणून ईसीयू साधारण ६ टक्के पेट्रोल वाढवतो. बीएस-६ गाडीवर यात फारसा अर्थ नाही. सायलेन्सरच्या बेंडपाइपवरचा, धुरातला ऑक्सिजन बघणारा ओ-टू सेन्सर रोजच्या वेगात ते वाढीव पेट्रोल ओळखतो आणि ईसीयू ते परत कापतो. पैसे वाचवा.

दुसरी जात पिगीबॅकची. मूळ ईसीयू जागेवरच राहतो, बॉक्स त्याच्या आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या मध्ये बसतो, आणि ईसीयूने दिलेली पल्स, म्हणजे इंजेक्टर उघडा ठेवण्याचा वेळ, टक्क्यांनी लांबवतो किंवा तोडतो. डायनोजेटचा पॉवर कमांडर, इटलीचा रॅपिड बाइक, बेंगळुरूचा पॉवरट्रॉनिक, भारतात बराच चालणारा फ्युएल-एक्स ही सगळी याच घराण्यातली. काही बॉक्स फक्त इंधन बघतात, काही क्रँकची स्थिती सांगणाऱ्या पल्सर कॉइलचा सिग्नल मध्ये धरून इग्निशनही, म्हणजे ठिणगीची वेळही, पुढेमागे करतात, आणि काही ओ-टू सेन्सरच्या वायरीवर बसून ईसीयूला बदललेलं वाचन देतात.

तिसरा मार्ग रीफ्लॅशचा. बॉक्स नाहीच, मूळ ईसीयूतले नकाशे, म्हणजे कुठल्या आरपीएमला आणि थ्रॉटलला किती पेट्रोल ते सांगणारे तक्ते, वाचून, बदलून परत लिहायचे. हे नीट झालं तर सर्वांत स्वच्छ काम: जादा कपलर नाही, पावसात भिजणारी वस्तू नाही, आणि ओ-टू सेन्सरने कुठून कुठपर्यंत लक्ष घालायचं तेही आत बदलता येतं. अडचण एवढीच की तुमच्या गाडीच्या ईसीयूचं कुलूप उघडणारी माणसं मोजकी असतात, आणि लिहिताना बॅटरी पडली तर ईसीयू कायमचा जाऊ शकतो. रीफ्लॅश करताना बॅटरीला चार्जर लावलेला असलाच पाहिजे. मूळ फाइल मागून घ्या आणि दोन ठिकाणी जपून ठेवा.

चौथा स्टँडअलोन: मूळ ईसीयू काढून पूर्ण नवा. तैवानचा एरेसर हा तयार गाडीला लागू पडणारा पर्याय, तर स्पीडुइनो हा आर्डुइनो मेगावर चालणारा ओपन सोर्स पर्याय. यात सगळं आपल्या हातात येतं, आणि सगळी जबाबदारीही.

बेळगाव-गोवा उताराच्या कसोटीवर या चौघांकडे बघितलं की निवड सोपी होते. पिगीबॅक टक्केवारीत काम करतो, त्यामुळे दाब, तापमान, बॅटरीचं व्होल्टेज यांच्या दुरुस्त्या मूळ ईसीयूने आधीच केलेल्या असतात आणि बॉक्स त्यावर फक्त ५-६ टक्के चढवतो. घाट उतरलं तरी ते ५-६ टक्केच राहतात. रीफ्लॅशचंही तसंच, कारण दाबाचे तक्ते कंपनीचेच असतात. खरी परीक्षा स्टँडअलोनची. तो फक्त थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम बघून पेट्रोल देत असेल, ज्याला अल्फा-एन म्हणतात, तर दाबाची दुरुस्ती वेगळी सुरू करावी लागते.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळे चांगली ट्यून केलेली गाडीही बिघडलेली वाटते. स्पीडुइनोसारख्या ईसीयूत वेगळा बॅरोमीटर सेन्सर नसेल तर तो चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी मॅनिफोल्डच्या सेन्सरवरून बाहेरचा दाब वाचतो आणि पुढे तोच आकडा धरून चालतो. बेळगावात चावी फिरवली आणि न थांबता केरीपर्यंत उतरलात, तर खाली आल्यावरही त्याच्या डोक्यात ९२ किलोपास्कलच असतात. उपाय दोन. एक तर वेगळा बॅरो सेन्सर जोडायचा, हा कायमचा. नाहीतर घाट संपल्यावर बाजूला घेऊन चावी बंद करून पुन्हा चालू करायची. स्टँडअलोन विकणाऱ्याला हाच प्रश्न विचारा: दाब चालताना वाचतो की फक्त चावी फिरवताना? उत्तर देताना तो अडखळला तर दुसरीकडे बघा.

माझं मत सरळ आहे. रोज ऑफिसला, रविवारी आंबोली किंवा गोव्याला, अशी वापरायची बीएस-६ गाडी असेल तर इंधन आणि इग्निशन दोन्ही सांभाळणारा पिगीबॅक किंवा जाणकाराकडून रीफ्लॅश, याच्या पुढे जाऊ नये. स्टँडअलोन हा ट्रॅकसाठी, कार्ब्युरेटरवरून इंजेक्शनवर नेलेल्या जुन्या गाडीसाठी किंवा सिलिंडर बोअर केलेल्या इंजिनसाठी. हल्लीच्या गाड्यांत मीटर, एबीएस आणि ईसीयू कॅन वायरीवरून एकमेकांशी बोलत असतात. मूळ ईसीयू काढला की मीटर मुकं होणं, एबीएसचा दिवा लागणं, इमोबिलायझर अडणं असे प्रकार सुरू होतात.

पिगीबॅक घेतलात तर सर्वांत मोठी चूक ओ-टू सेन्सरच्या क्षेत्रात होते, त्यामुळे इथे थोडं थांबू. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ इंजेक्शनच्या गाड्यांत ओ-टू सेन्सर असतो. तो साधारण ० ते १ व्होल्टमध्ये हलतो, आणि सुमारे ०.४५ च्या वर म्हणजे रिच, खाली म्हणजे लीन, एवढंच ईसीयूला सांगतो. किती रिच ते त्याला कळत नाही. हलक्या रेसवर ईसीयू या सिग्नलमागे धावत लॅम्ब्डा १ धरून ठेवतो. त्या भागात तुम्ही नकाशात ८ टक्के वाढवले तर ईसीयू ८ टक्के कापतो, आणि काही वेळाने ही कपात कायमची शिकून ठेवतो. शिकलेली ही कपात बऱ्याच ईसीयूंत पूर्ण थ्रॉटललाही लागू होते. म्हणजे खालच्या रेसवर पेट्रोल वाढवलं म्हणून वर गाडी लीन झाली! ‘बॉक्स लावल्यावर आठवडाभर मस्त चालली, मग पिकअप गेला’ अशी तक्रार बहुधा इथूनच येते.

म्हणून हलक्या रेसची घरं, साधारण २५-३० टक्के थ्रॉटलपर्यंत आणि मधल्या आरपीएमपर्यंत, नकाशात शून्यच ठेवा. नेमकी हद्द गाडीगणिक वेगळी असते. एका ठरावीक वेगात ओ-टूचा सिग्नल लॉग करा: वरखाली झुलत असेल तर ईसीयू त्याच्यामागे आहे, एका जागी थांबला असेल तर नाही. ओ-टू सेन्सर काढून रेझिस्टर लावण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तसं करू नका. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून जातो, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि २०२३ नंतरच्या, असा बिघाड स्वतः ओळखणाऱ्या ओबीडी-२ गाड्यांत चेक लाइट लागतो.

बॉक्स घेण्याआधी गाडी तपासून घ्या, कारण बिघडलेल्या गाडीवर केलेलं ट्यूनिंग बिघाडाचंच ट्यूनिंग असतं. व्हॉल्व्ह क्लिअरन्स मॅन्युअलप्रमाणे, एअर फिल्टर नवा, थ्रॉटल बॉडी धुतलेली, फ्युएल पंपचा दाब मॅन्युअलमधल्या आकड्याएवढा. बेंडपाइपच्या सिलिंडरकडच्या तोंडाला गॅस्केट फुटलेलं असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला गाडी लीन वाटते आणि पेट्रोल उगाच वाढतं. सुरू इंजिनवर इनटेकच्या रबरी बूटभोवती कार्ब क्लीनर जरासा मारून बघा. आयडल बदललं तर तिथे गळती आहे. हे इंजिन थंड असतानाच करा. तापलेल्या बेंडपाइपवर उडालेला क्लीनर पेट घेतो.

स्पार्क प्लग रेझिस्टरचाच हवा. एनजीकेच्या सीपीआर८ईए-९ सारख्या नंबरात ‘आर’ असतो, तो रेझिस्टरचा. बिनरेझिस्टरचा प्लग असेल तर बॉक्सच्या सिग्नलमध्ये कचरा येतो आणि ठरावीक आरपीएमला गाडी अचानक अडखळते. लोक अशा वेळी नकाशात चूक शोधत बसतात.

इंजेक्टर पुरेल का, हेही आधी मोजा. चार स्ट्रोकच्या इंजिनात इंजेक्टरला मिळणारा वेळ मिलिसेकंदात काढायचा तर १,२०,००० ला आरपीएमने भागा. ९,५०० आरपीएमला १२.६ मिलिसेकंद येतात. त्यातला ८५ टक्के, म्हणजे १०.७, हीच वापरायची हद्द. मूळ पल्स तिथे १० मिलिसेकंद असेल आणि तुम्ही ८ टक्के चढवले तर १०.८ झाले, हद्द ओलांडली. असाच नकाशा वाढवत १२.६ पर्यंत गेलात तर इंजेक्टर उघडाच राहील आणि पुढे पेट्रोल वाढणार नाही. अशा गाडीला आधी मोठा इंजेक्टर लागतो.

ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, मुद्दा इथेच येतो. आपल्या जिल्ह्यात उसाचे कारखाने आणि डिस्टिलऱ्या दोन्ही आहेत, तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल का आणि कुठून येतं हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण १४.७ धरतात, ई-१० चं सुमारे १४.१, ई-२० चं १३.५ च्या आसपास. ई-१० वर बनवलेला नकाशा ई-२० वर चार टक्क्यांनी लीन होतो. त्यावर चोर्ल्याचे ९ टक्के धरा आणि वरचे इंजेक्टरचे आकडे पुन्हा बघा. इंटरनेटवरून उतरवलेला नकाशा कुठल्या पेट्रोलवर आणि किती उंचीवर बनवला हे सांगता येत नसेल तर तो सुरुवातीचा मसुदा समजा, शेवटचा नव्हे. मीटरवर एएफआरचा, म्हणजे हवा-इंधन प्रमाणाचा, आकडा दिसत असेल तर तो लॅम्ब्डावर बदलून घ्या, म्हणजे पंप बदलला तरी गोंधळ होत नाही.

लॅम्ब्डा खरा मोजायचा तर किती रिच, किती लीन तेही सांगणारा वाइडबँड सेन्सर लागतो, बहुतेक वेळा बॉशचा एलएसयू ४.९. त्याचे आटे एम १८ × १.५ चे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही चांगल्या लेथवर एसएस ३०४ चा आटे पाडलेला गोल तुकडा करून मिळतो. सोबत तिथेच बंद करायचा प्लगही करून घ्या. बेंडपाइपला भोक पाडून तो तुकडा आर्गन वेल्डिंगने बसवायचा. जागा कन्व्हर्टरच्या आधी, आणि कोन असा की सेन्सरचं टोक खाली झुकलेलं राहील. पाइप समोरून घड्याळासारखा धरला तर १० ते २ च्या मधली जागा. त्याखाली बसवला तर पाइपमधलं साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडून ते तडकतं. वेल्डिंग करताना सेन्सर लावलेला नको, बॅटरी सोडवलेली हवी, ईसीयूचे कपलर काढलेले हवेत. हीटरला रिलेवरून वेगळी लाइन आणि ५ अँपिअरचा फ्यूज द्या. सेन्सर लावून ठेवायचा आणि वीज द्यायची नाही, असं चालत नाही. काजळी धरून तो मरतो. काम झालं की काढून प्लग लावा.

मग लॉगिंग. इंजिन पूर्ण तापलेलं, चौथा गिअर, मोकळा रस्ता, थ्रॉटल एका जागी तीन-चार सेकंद. चालवताना स्क्रीन बघायची नाही, लॉग थांबून बघायचा. हिशेब एका ओळीचा: नवी पल्स म्हणजे जुनी पल्स गुणिले मोजलेला लॅम्ब्डा भागिले हवा तो लॅम्ब्डा. ०.९५ मिळाला आणि ०.८८ हवा, तर ०.९५ ÷ ०.८८ = १.०८, म्हणजे ८ टक्के वाढवा. हे ८ टक्के एकदम चढवू नका. ४ चढवा, पुन्हा लॉग घ्या, मग उरलेले. रेस बदलताना दिसणारे आकडे सोडून द्या, कारण धूर सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि वाचन मागच्या क्षणाचं असतं.

इग्निशनला हात लावताना जास्त सावध राहा. बेळगावच्या विरळ हवेत सिलिंडर कमी भरतो, त्यामुळे नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून होणारी खडखड, लांब असतं आणि दोन-तीन अंश पुढे घेतले तरी गाडी गोड चालते. तेच अंश घेऊन केरीहून चढायला लागलात की सिलिंडर ९ टक्के जास्त भरलेला, हवा गरम, इंजिनवर ओझं, आरपीएम कमी. नॉकिंग इथेच होतं. १२ च्या वर कॉम्प्रेशन असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ ड्यूक ३९०, ३,००० ते ५,००० आरपीएमच्या पूर्ण थ्रॉटलच्या घरात एक अंशही वाढवू नये असं मला ठामपणे वाटतं. वर ७,००० नंतर एकेक अंश, आणि चढावर हेल्मेटच्या आत खडखड ऐकू आली तर लगेच दोन अंश मागे. जादा ऑक्टेनच्या पेट्रोलवर जुळवलेलं टायमिंग रोज तेच पेट्रोल मिळत असेल तरच ठेवा. खानापूरच्या पुढे तो पंप असेलच असं नाही.

थ्रॉटल सेन्सर बॉक्सला शिकवताना मिटलेल्या आणि पूर्ण उघडलेल्या स्थितीतले व्होल्ट नोंदवतात. साधारण अर्ध्या व्होल्टपासून चारच्या आसपासपर्यंत. २०१७ नंतरच्या ड्यूक ३९० सारख्या राइड-बाय-वायर गाडीत मात्र मुठीचा सेन्सर वेगळा आणि थ्रॉटल बॉडीचा वेगळा असतो, आणि सुरक्षेसाठी दोन-दोन वायरी असतात. बॉक्सच्या कागदात सांगितलेलीच वायर धरा. चुकीची धरलीत तर गाडी थेट लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद कापलेल्या बचावाच्या अवस्थेत, जाते. पल्सर कॉइलच्या दोन वायरी उलट जोडल्या तर टायमिंग सरकतं किंवा गाडी सुरूच होत नाही.

जोडणी करताना मूळ वायर कापायची वेळ येत असेल तर तो बॉक्स नको. तुमच्याच मॉडेलचा प्लग-इन हार्नेस मिळतो का ते बघा. वायरीत टोचून बसणारे चिमटे वापरू नका. जूनमध्ये पाणी शिरतं आणि गणपतीपर्यंत तांबं हिरवं होतं. नुसतं सोल्डर थरथराटाने सांध्याशेजारी तुटतं. क्रिंप आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक, हेच टिकतं. ग्राउंड थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. बॉक्स सीटखाली, कपलरची तोंडं खाली, आणि वायर कपलरच्या खाली एक वळसा घेऊन वर आलेली, म्हणजे थेंब वळशातून खाली गळतो. पल्सर कॉइलची वायर इग्निशन कॉइलच्या वायरीसोबत एकाच टेपमध्ये गुंडाळू नका.

उघडे पॉड फिल्टर बॉक्ससोबत गळ्यात मारले जातात. चिकोडी, रायबाग, अथणीकडे गळीत हंगामात ट्रॉल्यांमागे जी धूळ उडते ती या फिल्टरमधून सिलिंडरपर्यंत जाते. मूळ एअर बॉक्स ठेवा.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि हवा-आवाजाच्या नियमांसाठी कलम १९०(२) आहे. हा केंद्राचा कायदा आहे. केए-२२ असो, केए-२३ असो की पलीकडची एमएच-०९, तो सगळीकडे लागू. कन्व्हर्टर काढलेली गाडी रस्त्यावर आणू नका. बदललेल्या इंजिनची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि विमा कंपनीला बदल न कळवल्यास दाव्यात अडचण येते. विकत घेण्याआधी हे विचारून लेखी घ्या.

आणि बायपास कपलर सीटखालीच ठेवा. पावसात कणकुंबीच्या पुढे बॉक्स मेला तर तो काढून बायपास लावला की मूळ ईसीयूवर गाडी घरी येते. काही बॉक्सना असा बायपास सोबत मिळतो, काहींचा हार्नेस सोडवून मूळ कपलर परत जोडावे लागतात. बसवल्या दिवशीच हे एकदा करून बघा, सीट उघडायची किल्ली आणि १० चा पाना तेवढ्या कामाला पुरतो का ते पाहा, आणि जो कपलर ज्यात जातो त्या दोघांना एकाच रंगाची टेप लावा.